डेट मॅनेजमेंट प्लॅनमध्ये जावं का? बरेच महिने हप्ते भरल्यानंतरचा अनुभव

डेट मॅनेजमेंट प्लॅन (डीएमपी) म्हणजे सल्ला देणाऱ्या संस्थेमार्फत सगळ्या देण्यांचा मिळून एकच, परवडेल असा हप्ता भरायची योजना. ती घ्यायची की नाही, हे बहुतेक जण व्याज किती कमी होणार ते बघून ठरवतात. बरेच महिने या योजनेत हप्ते भरल्यावर माझं मत असं झालं आहे की आधी वेगळाच आकडा बघावा. घरखर्च खरा खरा लिहून काढल्यावर महिन्याच्या शेवटी हातात किती उरतं, तो आकडा. तो नीट निघाला तर ही योजना फार मोठा आधार देते. तो फुगवून सांगितला तर व्याजात कितीही सवलत मिळो, वर्षभरात हप्ता चुकतो आणि सगळं पुन्हा पहिल्या जागी येतं.

आमच्यावर तीन क्रेडिट कार्डांची थकबाकी आणि एक वैयक्तिक कर्ज होतं. घरात लांबलेलं आजारपण, त्यात एकाचं उत्पन्न थांबलेलं, असं त्यामागचं कारण. घराचं कर्ज वेगळं. ते योजनेत येत नाही, कारण डीएमपी फक्त विनातारण कर्जांसाठी असते: कार्डं, वैयक्तिक कर्ज, ओव्हरड्राफ्ट. घर किंवा गाडी तारण असेल तर तो हप्ता आपला आपणच भरायचा आणि तोही आधी भरायचा.

योजना चालते ती अशी. सल्ला देणारी संस्था तुमचं उत्पन्न, खर्च आणि सगळी देणी एका कागदावर मांडते. मग प्रत्येक बँकेला प्रस्ताव पाठवते की या व्यक्तीला महिन्याला इतकं परवडतं, तुम्ही व्याज कमी करा किंवा थांबवा, विलंब शुल्क लावू नका. बँका मान्य झाल्या की तुम्ही संस्थेकडे एकच हप्ता भरता आणि संस्था तो वाटून देते. वाटणी बहुधा थकबाकीच्या प्रमाणात होते. एकाचं देणं निम्मं असेल तर हप्त्यातला निम्मा वाटा त्याला. मुद्दल मात्र पूर्ण फेडायचं असतं. ‘अर्धं कर्ज माफ’ असं कोणी सांगत असेल तर तो डीएमपीबद्दल बोलत नाही, तडजोडीबद्दल म्हणजे सेटलमेंटबद्दल बोलतो आहे. त्याविषयी पुढे लिहिलं आहे.

व्याज कमी झाल्याने नेमका काय फरक पडतो, ते मी शंभराच्या हिशेबाने मांडून बघितलं. कार्डावर महिन्याला 3 टक्के व्याज असेल आणि 100 रुपयांचं देणं 60 महिन्यांत फेडायचं ठरवलं, तर महिन्याला साधारण 3.61 रुपये भरावे लागतात आणि एकूण 217 रुपयांच्या आसपास जातात. तेच व्याज वर्षाला 10 टक्क्यांवर आलं तर हप्ता 2.12 होतो आणि एकूण 127 जातात. व्याज पूर्ण थांबलं तर हप्ता 1.67. आता मिनिमम ड्यू घ्या. किमान रक्कम 5 टक्के धरली तर 100 पैकी 5 भरतो, त्यातले 3 व्याजात जातात आणि मुद्दल फक्त 2 ने उतरतं. शिवाय थकबाकी उतरेल तशी किमान रक्कमही उतरत जाते, म्हणून फेड वर्षानुवर्षं रेंगाळते. आम्ही किमान रक्कम कधी चुकवली नव्हती. तरीही एका कार्डाचा आकडा जागचा हलत नव्हता, कारण अडचणीच्या महिन्यात खर्च परत त्याच कार्डावर पडत होता.

हा हिशेब डोळ्यांसमोर आला की योजनेत जावंसं वाटतंच. पण सल्लागारासमोर बसल्यावर खरं काम सुरू होतं ते खर्चाच्या तक्त्याचं. मला सगळ्यांत जास्त याबद्दलच सांगायचं आहे.

किराणा, भाडं, वीज, प्रवास, औषधं हे सगळे लिहितातच. सुटतात ते वर्षातून एकदा-दोनदा येणारे खर्च: विम्याचा हप्ता, शाळेची फी, वाहनाची दुरुस्ती, चष्मा, दाताचं काम, एखादं लग्नकार्य, थंडी-पावसाचे कपडे. यांची वर्षाची बेरीज करून 12 ने भागा आणि ती रक्कम दर महिन्याच्या खर्चात धरा. आमच्या तक्त्यात ही ओळ घातल्यावर उरणारी रक्कम पहिल्या अंदाजापेक्षा बरीच खाली आली. मला तेव्हा वाईट वाटलं होतं, पण सल्लागार म्हणाल्या, “ताई, बँकांना मोठा आकडा आवडतो, पण तो दर महिन्याला तुम्हाला भरायचा आहे. मला असा आकडा द्या जो तुमच्या सगळ्यांत वाईट महिन्यातही निघेल.” मी हे वाक्य तक्त्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहून ठेवलं आहे. नंतरच्या महिन्यांत गाडीची बॅटरी गेली, घरात ताप आला, तरी हप्ता गेला, तो या एका ओळीमुळे.

दुसरी ओळ राखीव रकमेची. योजनेत गेल्यावर कार्डं बंद होतात. म्हणजे अचानक खर्च आला तर उधारीचा रस्ताच नसतो. अशा वेळी महिन्याला थोडं तरी बाजूला पडायलाच हवं. काही सल्लागार ही रक्कम तक्त्यात धरतात, काही धरत नाहीत. धरत नसतील तर आग्रह धरा. राखीव रक्कम नसलेली योजना मी घेतली नसती.

आता सुरुवातीच्या काळाबद्दल. पहिले दोन-तीन महिने सगळ्यांत कठीण जातात आणि याची पूर्वकल्पना कुणी नीट देत नाही. प्रस्ताव गेला म्हणून फोन लगेच थांबत नाहीत. उत्तर द्यायला प्रत्येक बँक आपला वेळ घेते, आणि तोवर नेहमीची पत्रं, मेसेज, थकबाकीच्या नोटिसा येतच राहतात. आमच्या चारपैकी तीन बँकांनी व्याज कमी केलं. एकीने आधी नकार दिला, आणि नियमित हप्ते जाताना दिसल्यावर नंतर होकार दिला. बँकांनी मानलंच पाहिजे असं बंधन डीएमपीत सहसा नसतं. ही आपसांतली समजूत आहे, कोर्टाचा आदेश नाही. त्यामुळे तुम्हीही कधीही बाहेर पडू शकता आणि बँकाही सवलत मागे घेऊ शकतात.

वसुलीच्या फोनबद्दल आपले हक्क माहीत असावेत. भारतात रिझर्व्ह बँकेने 12 ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात थकीत कर्जाच्या वसुलीसाठी सकाळी 8 च्या आधी आणि संध्याकाळी 7 नंतर फोन करायला मनाई केली आहे. अमेरिकेत 1977 च्या कायद्याने वसुली एजन्सींसाठी सकाळी 8 ते रात्री 9 ही मर्यादा घातली. इंग्लंड आणि वेल्समध्ये 4 मे 2021 पासून ‘ब्रीदिंग स्पेस’ आहे: अधिकृत सल्लागारामार्फत अर्ज केला की 60 दिवस बहुतेक देण्यांवरचं व्याज, दंड आणि वसुली थांबते, आणि तेवढ्यात कोणता मार्ग घ्यायचा ते ठरवता येतं. आपण राहतो तिथे अशी काही सोय आहे का, हे योजनेवर सही करण्याआधी विचारून घ्यावं.

फोन आला की मी एकच उत्तर द्यायचे: योजनेचा संदर्भ क्रमांक, हप्ता कोणत्या तारखेला गेला, आणि पुढचं लेखी पाठवा. आवाज न चढवता, कारणमीमांसा न करता. घरातल्या सगळ्यांना हेच उत्तर पाठ करून दिलं होतं. सासूबाई फोन उचलायला घाबरायच्या. त्यांना संदर्भ क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दिली आणि भीती बरीच ओसरली.

एक गोष्ट योजना सुरू होण्याआधी करावीच. ज्या बँकेचं देणं आहे, त्याच बँकेत पगार येत असेल तर पगार दुसऱ्या बँकेत वळवावा. बऱ्याच देशांत बँकेला खात्यातली शिल्लक थकबाकीत वळती करून घेण्याचा हक्क असतो. पगाराच्या दिवशी खातं रिकामं झालं तर भाडंही अडतं आणि योजनेचा हप्ताही. जुन्या कार्डांचे ऑटो-डेबिट आणि सबस्क्रिप्शनही त्याच वेळी तपासून घ्या. बंद कार्डावरचा छोटासा व्यवहार बाऊन्स झाला की शुल्क लागत राहतं.

दर महिन्याला प्रत्येक बँकेचं स्टेटमेंट बघणं ही माझी सवयच झाली आहे. हप्ता संस्थेकडून निघाला, बँकेत पोचला, व्याज ठरल्याप्रमाणे लागलं, हे तीन रकाने मी वहीत भरते. एकदा एका खात्यावर सवलतीआधीचा दर पुन्हा लागलेला दिसला. संस्थेला कळवल्यावर पुढच्या स्टेटमेंटमध्ये तो उलटवला गेला. वही नसती तर हे लक्षातही आलं नसतं.

क्रेडिट रेकॉर्डवर काय परिणाम होतो, हा प्रश्न सगळे विचारतात. ठरल्यापेक्षा कमी हप्ता गेला तर त्याची नोंद होते, आणि ती बरीच वर्षं राहते: ब्रिटनमध्ये डिफॉल्टची नोंद 6 वर्षं, अमेरिकेत उशिरा भरलेल्या हप्त्यांसारख्या नकारात्मक नोंदी साधारण 7 वर्षं. आमचा स्कोअर योजनेआधीच खाली आला होता, म्हणून मला याची फार चिंता वाटली नाही. पण ज्यांचे सगळे हप्ते अजून वेळेवर जात आहेत आणि ज्यांना वर्षा-दोन वर्षांत घरासाठी कर्ज घ्यायचं आहे, त्यांनी थांबून विचार करावा. अशांनी आधी थेट बँकेशी बोलून मुदत वाढवता येते का ते बघावं. व्याजदर खरोखर कमी मिळत असेल तर एकत्रीकरणाचं कर्जही, म्हणजे सगळी जुनी देणी फेडायला घेतलेलं एकच नवं कर्ज, चालेल, पण जुनी कार्डं त्याच दिवशी बंद करून. ती उघडी राहिली तर सहा महिन्यांत नवं कर्जही असतं आणि जुनी थकबाकीही परत उभी राहते, हे मी जवळच्या घरात पाहिलं आहे.

सहकर्जदार आणि जामीनदार यांच्याबद्दल सल्लागार बरेचदा घाईत बोलतात, म्हणून इथे स्पष्ट लिहिते. तुमच्या कर्जाला भाऊ, मित्र किंवा जोडीदार जामीन असेल, तर तुमची योजना त्यांना वाचवत नाही. बँक पूर्ण रक्कम त्यांच्याकडे मागू शकते. त्यांना हे वसुलीच्या फोनवरून कळण्याआधी तुमच्या तोंडून कळलं पाहिजे.

आता सेटलमेंटवाल्या कंपन्यांबद्दल. त्या सांगतात की बँकांचे हप्ते बंद करा, पैसे आमच्या सांगण्याप्रमाणे एका खात्यात साठवा, आम्ही नंतर कमी रकमेत मिटवू. मधल्या काळात व्याज आणि दंड चढत राहतो, बँक कोर्टात जाऊ शकते, आणि मिटलं तरी रेकॉर्डवर तडजोडीची नोंद राहते. अमेरिकेत फेडरल ट्रेड कमिशनने 2010 मध्ये नियम केला की फोनवरून ग्राहक मिळवणाऱ्या अशा कंपन्यांनी एखादं कर्ज प्रत्यक्ष मिटवण्याआधी शुल्क घ्यायचं नाही. माझी कसोटीही तीच आहे. काम होण्याआधी मोठं शुल्क मागितलं की उठून यावं. डीएमपी देणाऱ्या संस्थांतही फरक असतो. ब्रिटनमध्ये ही सेवा फुकट देणाऱ्या धर्मादाय संस्था आहेत. अमेरिकेत ना-नफा समुपदेशन संस्था महिन्याला माफक शुल्क घेतात, आणि तिथे योजना साधारण 3 ते 5 वर्षांची असते. शुल्क घेत असतील तर ते हप्त्यातून आधी कापतात की वेगळं, आणि पहिला हप्ता पूर्ण बँकांना जातो का, हे दोन प्रश्न विचाराच.

घरखर्च जाऊन हातात काहीच उरत नसेल, किंवा उरणाऱ्या रकमेतून फेड व्हायला दहा-पंधरा वर्षं लागणार असतील, तर डीएमपी घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. इतकी वर्षं पोटाला चिमटा घेऊन कुणाला जगायला लावू नये. अशा वेळी आपल्या देशातल्या दिवाळखोरीच्या किंवा कर्जमुक्तीच्या कायदेशीर मार्गांची माहिती घ्यावी. त्यात लाज बाळगण्यासारखं काही नाही. ते कायदे अशाच परिस्थितीसाठी केलेले आहेत. चांगला सल्लागार हा पर्याय स्वतःहून समोर ठेवतो. पहिल्याच भेटीत फक्त डीएमपीचाच फॉर्म पुढे सरकवणाऱ्याकडे मी गेले नसते.

आमच्या बाबतीत ही योजना बसली, कारण उत्पन्न कमी होतं पण नियमित होतं, देणी विनातारण होती, आणि हिशेब पाच वर्षांच्या आत बसत होता. आमच्यातली भांडणं कमी झाली, हे मी आधी धरलंच नव्हतं. पूर्वी महिन्याच्या शेवटी कोणाचं कार्ड आधी भरायचं यावरून आमचं वाजायचं. आता तारीख एक, रक्कम एक, आणि वही दोघांच्या हाताशी. यांनी स्वतःहून किराण्याचा हिशेब हाती घेतला.

कठीण काय वाटतं तेही सांगते. कार्ड नसल्याने प्रवासाची तिकिटं, हॉटेलची अनामत, ऑनलाइन खरेदी सगळं आधी पैसे साठवून करावं लागतं. नातेवाइकांच्या आहेराला मर्यादा घालावी लागते आणि त्याची कारणं सगळ्यांना सांगता येत नाहीत. आणि योजनेचा मधला काळ लांबलचक वाटतो, कारण सुरुवातीचा दिलासा ओसरलेला असतो आणि शेवट अजून दिसत नसतो. त्या काळात मी एकूण थकबाकीकडे बघणं सोडून सगळ्यांत छोट्या कार्डाच्या आकड्याकडे बघत राहिले. प्रमाणात वाटणी असली तरी ते आकडे लहान असल्याने उतरताना दिसतात.

पुढच्या महिन्यात आमचा वार्षिक आढावा आहे. माझा पगार थोडा वाढला आहे. संस्थेचं म्हणणं आहे की पूर्ण वाढ हप्त्यात घातली तर योजना काही महिने आधी संपेल. मी अर्धी वाढ हप्त्यात आणि अर्धी राखीव रकमेत घालायला सांगणार आहे, कारण मुलीची दहावी येते आहे, आणि त्या वर्षाचा खर्च तक्त्यात अजून पूर्ण उतरलेला नाही.