वेस्ट कोस्ट ट्रेल की हुआन दे फुका?

कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर पाठीला तंबू बांधून किनाऱ्याने चालायचं, तर या दोन वाटा समोर येतात. पहिली 75 किलोमीटरची, दुसरी 47 ची. पण अंतरापेक्षा महत्त्वाचं म्हणजे मधूनच बाहेर पडता येतं का. हुआन दे फुकावर सोंब्रिओ, पार्किन्सन क्रीक इथे गाडीरस्ता गाठता येतो. पाय मुरगळला तर सुटका आहे.

वेस्ट कोस्टवर ती सोय फारशी नाही. 1906 मध्ये व्हॅलेन्शिया जहाज फुटून शंभराहून जास्त माणसं गेली आणि जहाजबुडीतून वाचलेल्यांसाठी ही वाट सुधारली गेली. आजही ती कष्टाचीच. ओल्या लाकडी शिड्या चढताना भरलेली सॅक मागे खेचते आणि बोटं पायरीवर घट्ट रुततात. काही नद्या दोरावरच्या पाळण्यात बसून, दोर ओढत पार करायच्या. हंगाम मे ते सप्टेंबर, आगाऊ नोंदणी सक्तीची.

माझं मत स्पष्ट आहे: आधी हुआन दे फुका करा. चिखल तिथेही भरपूर आहे. भरतीचा तक्ता दोन्हीकडे हवाच. उन्हाळ्यात तिथली घड्याळं प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असतात, म्हणून तक्ता प्रमाणवेळेत असेल तर त्यात एक तास मिळवा.