व्ही ब्रेकचे लिव्हर कॅलिपरचे सांगून गळ्यात मारले, जुन्या रोड बाईकवाल्यांनो बघून घ्या

नागपुरात जुन्या रोड बाईकसाठी सुटे ब्रेक लिव्हर शोधून राहिले असाल तर पैसे द्यायच्या आधी हे वाचून घ्या. दुकानाचं नाव मी लिहीत नाहीये कारण त्याच्याशी माझा हिशोब अजून पुरता मिटलेला नाही, आणि दुसरं म्हणजे नाव सांगितलं की लोक तेवढं एक दुकान टाळतात आणि शेजारच्या दुकानात जाऊन तोच माल घेऊन येतात. माल ओळखता आला पाहिजे, दुकान कोणतंही असो.

माझी सायकल जुनी, स्टीलच्या फ्रेमची, गियरचे लिव्हर खालच्या तिरक्या नळीवर, त्यामुळे हँडलवर फक्त ब्रेकचे लिव्हर. आजकालच्या रोड बाईकला ब्रेक आणि गियर एकाच लिव्हरमध्ये येतात म्हणून ड्रॉप हँडलचे (म्हणजे रोड बाईकच्या खाली वळलेल्या हँडलचे) नुसते ब्रेक लिव्हर इथे कोणी फारसं ठेवत नाही, आणि ज्याच्याकडे असतात तो सांगेल ती किंमत. अंबाझरीकडून येताना एक ऑटोवाला घासून गेला, मला काही झालं नाही पण उजव्या लिव्हरची बॉडी तडकली. डावा शाबूत होता पण म्हटलं बदलायचे तर जोडीच बदलू. बर्डीवर विचारलं, इतवारीत विचारलं, सदरला विचारलं, सगळीकडे एकच, मॅडम फ्लॅट हँडलचे आहेत, हे नाही मिळत. मग एका ठिकाणी हो म्हणाले.

सायकल सोबत होती. पुढचा कॅलिपर (रोड बाईकचा, चिमट्यासारखा रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक) हाताने दाबून दाखवला आणि स्पष्ट सांगितलं की ह्या ब्रेकला चालणारे लिव्हर पाहिजेत. त्यावर हा माणूस म्हणतो, "हेच लागतात मॅडम, ड्रॉप हँडलला दुसरं काही येतच नाही." आतून प्लास्टिकच्या पिशवीतली काळी जोडी आणली. खोका कुठे आहे विचारलं तर उंदराने कुरतडला म्हणे. बिलावर लिहिलं ब्रेक लिव्हर 1 जोड, 2400 रुपये. मॉडेल लिहा म्हटलं तर "लिव्हर म्हणजे लिव्हर, त्यात काय मॉडेल लिहायचं."

आता हे "दुसरं काही येतच नाही" धडधडीत खोटं आहे. ड्रॉप हँडलच्या लिव्हरमध्ये दोन जाती आहेत आणि बाहेरून दोन्ही जवळपास सारख्याच दिसतात. एक शॉर्ट पुल, म्हणजे लिव्हर पूर्ण दाबला तर केबल थोडीच ओढली जाते पण ताकदीने, हे रोड बाईकच्या कॅलिपरला लागतात, कँटिलिव्हर ह्या जुन्या धाटणीच्या ब्रेकलाही चालतात. दुसरी लाँग पुल, त्यात केबल साधारण दुप्पट ओढली जाते पण ताकद त्याच प्रमाणात कमी मिळते, हे व्ही ब्रेकसाठी असतात आणि माउंटन बाईकवाल्या केबलच्या डिस्क ब्रेकसाठी. व्ही ब्रेक 1996 च्या आसपास शिमानोने माउंटन बाईकवर आणले, त्याचे दोन्ही बाजूचे दांडे 100 मिमीहून लांब असतात, लांब दांड्यामुळे ताकद ब्रेकमध्येच तयार होते, फक्त पॅड रिमपर्यंत न्यायला केबल जास्त ओढावी लागते. कॅलिपरचं उलट, त्याचे दांडे आखूड, त्याला केबल थोडी पुरते पण ताकद लिव्हरनेच द्यायची असते. म्हणजे लिव्हर आणि ब्रेक मिळून एक हिशोब आहे, एकाने कमी दिलं तर दुसऱ्याने भरून काढायचं. लाँग पुल लिव्हर कॅलिपरला लावला की दोघंही ताकद द्यायला तयार नाहीत, मग सायकल थांबवणार कोण?

टेक्ट्रो कंपनीचे हे दोन्ही प्रकार मिळतात, आरएल 340 शॉर्ट पुलचा आणि आरएल 520 व्ही ब्रेकचा. कंपनीचा ह्यात काडीचाही दोष नाही, नंबर वेगळा आणि काम वेगळं हे त्यांनी लपवलेलं नाही. म्हणून तर खोका उंदराने खाल्ला ना.

आणि सगळ्यात बेकार गोष्ट म्हणजे ही चुकीची जोडी दुकानात हाताला एकदम मस्त लागते. लाँग पुल लिव्हर केबल भराभर ओढतो, पॅड लगेच रिमला टेकतात आणि लिव्हर तिथेच थांबतो, जरासुद्धा आत जात नाही. दुकानदार दाबून दाखवतो, "बघा मॅडम, कसा कडक ब्रेक झाला." पण हा कडकपणा थांबायच्या ताकदीचा नाहीच, तुमच्या बोटांना मिळणारा फायदा अर्धा झाल्याचा तो कडकपणा आहे. योग्य जोडीत लिव्हर थोडा आत जातो, थोडा लवचिक जाणवतो, आणि सायकल थांबते.

सपाट रस्त्यावर, सकाळच्या मोकळ्या ट्रॅफिकमध्ये मला नुसतं काहीतरी कमी कमी वाटायचं. सेमिनरी हिल्सवरून फुटाळ्याकडे उतरताना कळलं. समोर एक छोटा हत्ती हळू झाला, मी दोन्ही लिव्हर होते नव्हते त्या जोराने दाबले, बोटं दुखायला लागली, लिव्हर तसूभर हलेना, आणि सायकल आपल्या सवडीने चालून राहिली. रस्त्याच्या कडेची माती होती म्हणून तिकडे उतरवली. पडली नाही, पण हात कितीतरी वेळ थरथरत होते.

दुकानात परत गेली तर उत्तर काय मिळालं ते ऐका. "मॅडम, लेडीजच्या हाताला जोर कमी पडतो, सवय होईल." रोज दहा जणांची कणीक तिंबणाऱ्या हाताला जोर नाही म्हणे. मग म्हणाला पॅड जुने आहेत, कडक झाले असतील, 600 रुपयांचे नवे पॅड लावले. फरक शून्य. मग म्हणाला केबल गंजली असेल, आत अडकत असेल, केबल सेट आणि मजुरी मिळून 550. फरक शून्य. मग एकदम गंभीर चेहरा करून म्हणाला, "तुमचे कॅलिपरच गेले आहेत, ह्या सायकलला इतका खर्च करून राहिल्या तर आता 2900 चे कॅलिपरही टाकूनच घ्या." ऑटोवाला घासून जाईपर्यंत त्याच कॅलिपरने मी कुठेही आरामात थांबत होती. सायकल उचलली आणि सरळ महालात एका जुन्या मेकॅनिक काकांकडे घेऊन गेली.

काकांनी काही विचारायच्या आधी लिव्हरचं रबरी हूड मागे केलं. आत बॉडीवर स्टिकर खरवडल्याची चौकोनी जागा, गोंद अजून बोटाला चिकटत होता. मग मला म्हणाले, "जुना लिव्हर हाय का?" तो डावा शाबूतवाला माझ्या पिशवीतच होता. दोन्ही बाजूबाजूला धरून त्यांनी एक गोष्ट दाखवली जी आता मी कोणालाही दाखवू शकते. लिव्हर ज्या पिनवर फिरतो ती पिन, आणि केबलचं डोकं ज्या खाचेत बसतं ती खाच, ह्या दोघांमधलं अंतर बघायचं. जुन्यात कमी, नव्यात डोळ्याने कळेल इतकं जास्त. जितकं अंतर जास्त तितकी केबल जास्त ओढली जाणार आणि तितकी ताकद कमी. मग केबल कॅलिपरमधून सोडवली, आउटरच्या, म्हणजे केबलवरच्या बाहेरच्या नळीच्या, तोंडाशी पेनने खूण केली, लिव्हर हँडलपर्यंत दाबला, खूण किती सरकली ते पट्टीने मोजलं. तेच जुन्या लिव्हरने करून बघितलं. नव्याचं जवळपास दुप्पट निघालं. "हे व्हीवाले हायेत ताई, कोणं देल्ले तुमाले?"

गोष्ट इथे संपली असती तर बरं. केबल सोडवताना काकांना आउटर बारीक वाटलं म्हणून त्यांनी एक टोक कापलं. ब्रेकचं साधं आउटर 5 मिमी जाड असतं आणि आत चपट्या तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी असते, कापलं की तारेचं वेटोळं दिसतं. माझ्या सायकलवर निघालं 4 मिमीचं, आत सरळ उभ्या तारा, कापल्यावर झाडूच्या काड्यांसारख्या टोकाला पसरलेल्या. म्हणजे गियरचं आउटर. गियरच्या केबलवर ताण थोडाच येतो म्हणून तिथे ते ठीक, त्या तारांना बाहेरून फक्त प्लास्टिकने धरलेलं असतं. जोरात ब्रेक दाबला की प्लास्टिक फाडून तारा बाहेर येऊ शकतात आणि मग ब्रेक थेट शून्य. माझं तर मत असं की लिव्हर चुकीचे होते म्हणून केबलवर पुरेसा ताण आला नाही आणि त्यामुळेच ते आउटर टिकलं, नुसते लिव्हर बदलून तशीच निघाली असती तर पहिल्याच उतारावर फाटलं असतं. 550 मध्ये ब्रेक केबल सेट म्हणून हे घातलं होतं, दुकानात उरलेला गियरचा तुकडा असणार.

अजून कोणी म्हणेल की बिचाऱ्या दुकानदाराला माहीत नसेल. मलाही वाटलं असतं, पण मी परत गेली तेव्हा मालक बाहेर होता, काम करणाऱ्या पोराला लिव्हर दाखवले तर तो सहज बोलून गेला, "वो वी ब्रेकवाला सेट? वो तो कब से पड़ा था, किसी भैया ने टूरिंग सायकल के लिए मंगाया था, फिर लिया नहीं." आणि खोका? मागच्या फळीवर होता, एकदम धडधाकट, त्यात स्पोकच्या निपल भरून ठेवल्या होत्या. बाजूला छापील 520. मी फोटो काढला. मालक आल्यावर आधी म्हणाला तो खोका दुसऱ्या मालाचा, मग भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं, विकलेला माल परत घेतला जाणार नाही.

ती पाटी घाबरवायला असते. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे, त्यात सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा धरली आहे, बिलावर मुदत दिली असेल तर तेवढ्या दिवसांत आणि मुदतच लिहिली नसेल तर 30 दिवसांत. बिल न देणंही त्यातच येतं, म्हणून बिल घ्याच आणि मॉडेल नंबर लिहून देत नसेल तर उठून या. 1915 ह्या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून तक्रार टाकली, बिल आणि खोक्याचा फोटो जोडला. त्यानंतर त्याच मालकाचा फोन आला, ताई, इतकं कशाला करायचं, आणि लिव्हरचे 2400 परत मिळाले. पॅड वापरण्यासारखे आहेत म्हणून ते मी सोडले. केबलचे 550 मात्र द्यायला तयार नाही, आणि ते मी सोडणार नाहीये, कारण चुकीचा लिव्हर खपवणं एक वेळ लोभ समजून घेईन, पण ब्रेकला गियरचं आउटर घालणं म्हणजे जिवाशी खेळ आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला फी लागत नाही, ऑनलाइन टाकता येते, तेच करून राहिली आहे.

उलटी फसवणूकही होऊ शकते, तीही सांगून ठेवते. रोडचा शॉर्ट पुल लिव्हर व्ही ब्रेकला लावला तर दुकानात ब्रेक मऊ आणि जबरदस्त वाटतो, पण पॅड रिमला अगदी चिकटून ठेवावे लागतात, रिम जराशी वाकडी झाली की घासतात, आणि पॅड थोडे झिजले की लिव्हर हँडलला टेकतो तरी सायकल थांबत नाही. त्यासाठी आखूड दांड्याचे मिनी व्ही मिळतात, नाहीतर मध्ये पुली बसवतात, पण ती माहिती देऊन विकलं तर विकणं.

जुन्या बाजारातून शिमानो घेणाऱ्यांनीही बघावं. 2008 मध्ये त्यांच्या रोड बाईकच्या सामानाची ड्युरा-एस 7900 ही मालिका आली तेव्हापासून त्यांनी रोड लिव्हरचंच केबल ओढणं वाढवलं, मग अल्टेग्रा 6700 आणि 105 ची 5700 तशीच आली. नवा लिव्हर आणि त्याआधीचा कॅलिपर लावला की ब्रेक कमजोर पडतो, व्ही ब्रेकवाल्या लिव्हरइतका नाही, पण उतारावर जाणवेल इतका. शिमानोच्या लिव्हरवर आणि कॅलिपरच्या मागे नंबर असतो, दोन्हीचा फोटो काढून कंपनीच्या कंपॅटिबिलिटी चार्टवर जुळवून बघायचं, विकणाऱ्याच्या "चलता है" वर जायचं नाही.

शॉर्ट पुलची जोडी बाहेरून मागवली, काकांनी ब्रेकचं खरं आउटर टाकून बसवून दिली, कॅलिपर तेच, जे "गेलेले" होते.

ती परत केलेली जोडी आता पुन्हा त्या दुकानात आहे, काळी, पिशवीतली, बिनखोक्याची. कोणी दाखवली तर उजव्या लिव्हरचं हूड मागे करून बघा, आतल्या बाजूला गोंदाचा चौकोनी डाग आणि त्याच्या शेजारी काकांनी पेनने मारलेली बारीक फुली असेल.