तापीत मासे परत आणायचे: बोटुकली सोडून, की वाट मोकळी करून?

सोपा मार्ग मत्स्यबीजाचा. बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, आणायची, पावसाळ्यात सोडायची. पण बहुतेक वेळा सोडतात ते कटला, रोहू, मृगळ. ते मुळात तापीचे नाहीतच. महसीर या नदीतल्या मोठ्या माशाचं बीज तयार करता येतं, लोणावळ्याजवळ वळवणला ते केलंय. तरी बांधांनी वाट अडलेल्या नदीत ते सोडून भागत नाही. महसीर पुराच्या पाण्यात वर चढतो आणि स्वच्छ, वाहत्या, गोटेरी पाण्यात अंडी घालतो.

दुसरा मार्ग मत्स्यमार्गाचा: बांधाच्या कडेनं पायऱ्यापायऱ्यांची पाण्याची वाट. तापीवरचे सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा हे बॅरेज, म्हणजे दारं असलेले बंधारे, तुलनेनं ठेंगणे, तिथे हे जमण्याजोगं आहे. प्रकाशाला दारं बंद असली की खालच्या अंगाला उघडे खडक आणि डबकी दिसतात, वर मात्र पाणी काठोकाठ. पाणीच सोडलं नाही तर मत्स्यमार्ग कोरडाच राहणार. समुद्रातून येणाऱ्या पाल्याला, म्हणजे हिलसाला, याचा उपयोग नाही; 1972 चं उकाई धरण खाली गुजरातेतच आडवं आहे.

माझं मत मत्स्यमार्गाकडे झुकतं. मात्र मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि गुजरात या तिन्ही राज्यांनी तापीचं खोरं एकच धरून आराखडा करावा आणि आषाढ-श्रावणात दारं केव्हा उघडायची, हे त्यात आधी लिहावं.