आमोस ऐकताना हातातली इस्त्री थांबली

न्याय आणि पश्चात्ताप या विषयावरच्या बायबलमधल्या उताऱ्यांचं एक मराठी ऑडिओ वाचन गेले तीन आठवडे मी रोज रात्री इस्त्री करताना ऐकतेय. आमोस आणि योना या संदेष्ट्यांची दोन्ही पुस्तकं अख्खी, यहेज्केल या संदेष्ट्याच्या पुस्तकाचे १८ आणि ३३ हे अध्याय, आणि लूकच्या शुभवर्तमानातल्या १३व्या अध्यायातला भाग. वाचणारा आवाज एकाच बाईंचा आहे. त्या दरडावत नाहीत, शब्द नीट सुटे उच्चारतात, आणि अशा मजकुराला तेच हवं.

आमोसची सुरुवात मी आधी कितीदा तरी वाचली होती. दिमिष्क, गज्जा, सोर, अदोम, अम्मोन, मवाब, इस्राएलच्या एकेका शेजारी राज्याचे किंवा शहराचे अपराध काढत आमोस पुढे सरकतो. डोळ्यांनी वाचताना मी ही नावं भराभर ओलांडायचे. कानाने ऐकताना तसं ओलांडता येत नाही. ‘तीन अपराधांमुळे, नव्हे चार’ हे पुन्हा पुन्हा येतं आणि आपण मनात ‘बरोबर आहे, त्यांना शिक्षा हवीच’ म्हणत राहतो. मग यहूदा हे भाऊबंदांचं राज्य येतं, आणि शेवटी ज्यांच्यासमोर तो बोलतोय ते इस्राएल. गरिबाला एका जोड्याच्या किमतीला विकणारे! नाथान संदेष्ट्याने दावीद राजाला गरिबाची मेंढी हिसकावणाऱ्या श्रीमंताची गोष्ट सांगितली आणि राजा चिडल्यावर ‘तो मनुष्य तूच’ म्हटलं, तसंच हे.

त्या वाक्याला माझा हात थांबला. घरी कामाला येणाऱ्या ताई मुलाच्या आजारपणात दोन दिवस आल्या नव्हत्या आणि मी महिनाअखेरीस तेवढे पैसे कापले होते. त्या काही बोलल्या नाहीत, म्हणून मीही विसरून गेले होते. दुसऱ्या दिवशी पैसे दिले आणि माफी मागितली. पैसे देणं सोपं होतं, माफीचे शब्द तोंडातून निघायला फार वेळ लागला.

योनाचं वाचन या संचातलं सर्वांत सुंदर. निनवे शहरात योनाने दिलेला संदेश मूळ हिब्रूत अवघ्या पाच शब्दांचा: चाळीस दिवस, मग शहर उलथणार. ‘पश्चात्ताप करा’ असंही तो म्हणत नाही. तरी राजा सिंहासनावरून उठून गोणपाट नेसतो, राखेत बसतो आणि ‘कोण जाणे, देव फिरेल’ म्हणतो. मुदत दिली आहे याचाच अर्थ दार अजून उघडं आहे, हे त्या राजाला कळलं. बाईंनी ‘कोण जाणे’नंतर घेतलेला श्वास ऐकण्यासारखा आहे.

आता तक्रारी. आमोसच्या मागे ढगांचा गडगडाट आणि ढोल घातलेत, ते काढून टाका. त्या आवाजाने माणूस दचकतो, पण दचकण्याने कुणी वळत नाही. यहेज्केलात देव स्वतः म्हणतो की दुर्जनाच्या मरणाने मला संतोष नाही, त्याने आपल्या मार्गावरून वळून जगावं. या वाक्यामागे ढोल कशाला?

दुसरी चूक जास्त गंभीर वाटते. लूक १३ चा ट्रॅक पाचव्या वचनावर तोडलाय. त्यात येशू म्हणतो: बुरूज पडून अठरा जण मेले, ते इतरांपेक्षा पापी होते असं समजू नका, पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही नाश होईल. आणि तिथेच आवाज बंद. येशूने लगेच पुढे सांगितलेली अंजिराच्या झाडाची गोष्ट थेट पुढच्या ट्रॅकवर. तीन वर्षं फळ नाही, मालक झाड तोडायला निघालेत, आणि माळी विनवतो, ‘या वर्षी राहू द्या, मी भोवती खणतो, खत घालतो.’ हे एकाच श्वासात ऐकायला हवं. पहिलाच ट्रॅक ऐकून कुणी झोपलं, तर त्याच्या वाट्याला बुरूज तेवढा येतो आणि माळी येतच नाही.

बहिणीला मी हे वाचन पाठवलं, तेव्हा सोबत लिहिलं: आमोसपासून सुरू कर, एकटीने ऐक, आणि लूकचे दोन्ही ट्रॅक मध्ये न थांबता लाव.