वेअरहाऊस की फाउंड्री: मेंटेनन्सची अप्रेंटिसशिप कुठे करावी?

कोल्हापुरात फिटर किंवा इलेक्ट्रिशियनचा आयटीआय झाला की पुढे दोन वाटा दिसतात. एक, डबा घेऊन शिरोली, गोकुळ शिरगाव नाहीतर कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एखाद्या फाउंड्रीत, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतणाऱ्या कारखान्यात जायचं. दुसरी, भिवंडी किंवा चाकणला एखाद्या मोठ्या कंपनीच्या वेअरहाऊसमध्ये मेंटेनन्सला लागायचं. घरात बोलणं सुरू होतं ते 'स्टायपेंड किती?' इथून. माझं स्पष्ट मत आहे की तो प्रश्न नंतरचा. वर्ष संपेल तेव्हा कोणतं काम एकट्याने करता येत असेल, हे आधी विचारा.

बेल्ट कन्व्हेयर दोन्हीकडे आहे, म्हणून तिथून सुरुवात करू. फाउंड्रीच्या सॅन्ड प्लांटमध्ये बेल्टवरून वाळू जाते, वेअरहाऊसमध्ये पार्सलं. बेल्ट एका बाजूला सरकला की पुली सरळ करायची, रोलर बघायचा, बेअरिंगचा आवाज ऐकायचा, ताण तपासायचा. हे दोन्हीकडे सारखंच. फरक पुढे आहे. साच्यातून परत आलेली गरम वाळू बेल्ट जाळते, झिजवते. धूळ बेअरिंगमध्ये शिरते. तिथला बिघाड बहुतेक वेळा डोळ्यांना दिसतो. पार्सलचा बेल्ट हलका आणि वेगाने चालणारा, आणि त्याच्या अंगावर ठिकठिकाणी सेन्सर. एखाद्या फोटोसेन्सरवर सेलोटेपचा तुकडा चिकटला तरी लाइन उभी राहते, आणि मोटर, गिअरबॉक्स, वायरिंग सगळं ठणठणीत असतं. मग व्हीएफडीवरचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या ड्राइव्हवरचा) फॉल्ट कोड वाचायचा, पीएलसीला, म्हणजे लाइन चालवणाऱ्या छोट्या संगणकाला, कोणता इनपुट मिळत नाही ते बघायचं, तिथून मागे मागे येत कारण गाठायचं. चांगल्या ऑटोमेटेड वेअरहाऊसचं वर्ष ही शोधण्याची सवय लावतं.

दुसरी सवय कागदाची, म्हणजे आता संगणकाची. वेअरहाऊसमध्ये प्रत्येक मशीनचं प्रिव्हेंटिव्ह मेंटेनन्स, म्हणजे बिघाड होण्याआधीची देखभाल, ठरलेल्या तारखेला निघतं, काम केल्याची नोंद सिस्टिममध्ये होते, कोणता सुटा भाग बदलला तेही लिहावं लागतं. सोबत लॉकआउट-टॅगआउट: मशीनला हात लावण्याआधी सप्लाय बंद करून आपलं स्वतःचं कुलूप लावायचं, किल्ली आपल्याच खिशात. उद्यमनगरच्या छोट्या शॉपमध्ये 'मेन बंद केलाय रे' एवढ्या आरोळीवर काम चालतं, ते मला कधीच पटलेलं नाही. ही शिस्त पहिल्याच वर्षी अंगात भिनली, तर तिची किंमत पगारात मोजता येत नाही.

पण वेअरहाऊसमध्ये सुटा भाग बदलतात, दुरुस्त करत नाहीत. गिअरबॉक्स वाजायला लागला की जुना काढा, नवा बसवा, लाइन सुरू करा. सणासुदीच्या सेलच्या दिवसांत तर मिनिटामिनिटाचा हिशोब असतो. कोल्हापूरची ताकद नेमकी उलटी आहे. ऑइल इंजिनांच्या काळापासून या गावात मोडलेला भाग लेथवर नव्याने करून बसवणारे मिस्त्री तयार झाले. फाउंड्रीच्या मेंटेनन्समध्ये इंडक्शन फर्नेस, म्हणजे विजेवर धातू वितळवणारी भट्टी असते. आत साधारण १,४०० अंशांवर वितळलेलं लोखंड आणि भोवतीच्या तांब्याच्या कॉइलमधून फिरणारं थंड पाणी. ते पाणी थांबलं तर काय होईल, हे ज्याला एकदा नीट समजलं तो पंप, व्हॉल्व्ह आणि तापमानाचा अलार्म आयुष्यभर गंभीरपणे घेतो. जोडीला फर्नेस कलती करणारं हायड्रॉलिक, इओटी क्रेनचे (डोक्यावरून फिरणाऱ्या विजेच्या क्रेनचे) ब्रेक आणि वायर रोप, छऱ्यांच्या माऱ्याने कास्टिंग साफ करणाऱ्या शॉट ब्लास्टिंग मशीनची झिजलेली ब्लेड, मशीन शॉपमधली संगणकावर चालणारी सीएनसी मशीनं. फिटरसाठी याहून मोठी शाळा मला माहीत नाही. उष्णता आणि धूळ मात्र खरी आहे. दम्याचा त्रास असणाऱ्याने इथे हट्ट धरू नये.

आता सर्वांत महत्त्वाची सावधगिरी. 'वेअरहाऊस' म्हटलं की सगळीकडे कन्व्हेयर आणि सॉर्टर (पार्सलं आपोआप वेगळी करणारं यंत्र) असतातच असं नाही. भिवंडीतली कितीतरी गोदामं म्हणजे फक्त रॅक, पॅलेट आणि फोर्कलिफ्ट. तिथे मेंटेनन्स म्हणजे दिवे, शटर, डॉक लेव्हलर (ट्रक आणि गोदामाची पातळी जुळवणारा फळा), जनरेटर, बॅटरी चार्जिंग आणि फायर पंप. वाईट काम नाही, पण त्यासाठी घर सोडायची गरज नाही. शिवाय मेंटेनन्सचं काम पुष्कळदा कंत्राटदाराकडे दिलेलं असतं. म्हणून मुलाखतीत सरळ विचारा: सॉर्टर आहे का, पीएलसीचं पॅनल कोण उघडतं, आणि करारावर नाव कोणाचं?

कराराचं नीट समजून घ्या. १९६१ च्या अप्रेंटिस कायद्याखालचा करार सरकारी पोर्टलवर नोंदवला जातो. नुसतं 'ट्रेनी' म्हणून घेतलेलं पत्र म्हणजे अप्रेंटिसशिप नव्हे. करारात ट्रेडचं नाव वाचा. इलेक्ट्रिशियन, फिटर असा ठरलेला ट्रेड असेल तर वर्षाखेरीच्या परीक्षेनंतर नॅशनल अप्रेंटिसशिप सर्टिफिकेट मिळतं. वेअरहाऊसमध्ये पॅकिंग किंवा माल हाताळणीच्या ट्रेडमध्येही अप्रेंटिस घेतात; त्यावर सही करून मेंटेनन्सची वाट बघत बसू नका. अप्रेंटिस हा कायद्याने कामगार नव्हे, शिकाऊ असतो, त्यामुळे पीएफची अपेक्षा ठेवू नका. कामावर इजा झाली तर भरपाईची जबाबदारी मात्र मालकाची आहे. वर्षानंतर नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन कंपनीवर नाही, ना इथे ना तिथे.

आता स्टायपेंड. २०१९ च्या नियमांत आयटीआय झालेल्यासाठी महिना किमान ७,००० आणि डिप्लोमावाल्यासाठी ८,००० रुपये ठरले होते. तो किमान आकडा. मोठ्या कंपन्या त्याहून जास्त देऊ शकतात. पण जास्तीचे पैसे खोली आणि मेसमध्ये जातात. कंपनी राहण्याची किंवा जेवणाची सोय करत नसेल तर भिवंडीत महिनाअखेर हातात उरेल ते गोकुळ शिरगावच्या पोराएवढंच, कदाचित कमी. महालक्ष्मी एक्स्प्रेसने कल्याणला उतरून पुढे जाणं सोपं आहे, पण शिफ्ट फिरती असेल तर घरी येणं सणावारापुरतंच. शिरोलीवाल्यांचीही एक अडचण आहेच: २०१९ आणि २०२१ च्या महापुरात हायवेच पाण्याखाली गेला होता. मुलींनी रात्रपाळीची गाडी आणि राहण्याची जागा आधी प्रत्यक्ष बघून घ्यावी, फोनवरच्या शब्दावर जाऊ नये.

माझा कौल असा. इलेक्ट्रिशियन असाल, कंट्रोल पॅनल उघडलं की हात शिवशिवत असतील, आणि करार थेट कंपनीशी होत असेल, तर ऑटोमेटेड वेअरहाऊसला जा. हे शिक्षण परत आल्यावरही चालतं: साखर कारखान्याचा बगॅस (उसाचा चोथा) वाहणारा कन्व्हेयर असो की दूध संघाची पॅकिंग लाइन, पीएलसी जाणणारा माणूस लागतोच. फिटर असाल तर पहिलं वर्ष इथेच काढा, फाउंड्री आणि मशीन शॉप दोन्ही असलेल्या कारखान्यात. डिप्लोमावाल्यांनी मात्र थोडा वेगळा विचार करावा. त्यांना पुढे माणसं आणि वेळापत्रक सांभाळायचं असतं, आणि ती पद्धत वेअरहाऊसमध्ये लवकर शिकायला मिळते. फक्त वर्षभर संगणकावर नोंदीच करायला बसवणार नाहीत ना, पाना हातात देणार ना, हे रुजू होण्याआधी तिथे आधी काम केलेल्या एखाद्या पोराला विचारून घ्या.