टॅमॉक्सिफेन की लेट्रोझोल?

सांगलीत विश्रामबागला आमचं मेडिकल आहे. परवा तासगावच्या एक काकू स्तनाच्या कर्करोगाची जुनी आणि नवी चिठ्ठी काउंटरवर शेजारी ठेवून म्हणाल्या, “दादा, टॅमॉक्सिफेन बदलून लेट्रोझोल का दिली?”

दोन्ही गोळ्या इस्ट्रोजेन या स्त्री-हार्मोनवर वाढणाऱ्या गाठींसाठीच. टॅमॉक्सिफेन, २० मिलिग्रॅम, पेशीत इस्ट्रोजेनच्या जागेवर स्वतः जाऊन बसतं. लेट्रोझोल, २.५ मिलिग्रॅम, इस्ट्रोजेन बनवणाऱ्या अ‍ॅरोमाटेज एन्झाइमलाच रोखतं. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन मुख्यतः चरबीत, याच एन्झाइममुळे बनतं, म्हणून तिथे लेट्रोझोल उजवं. पाळी चालू असेल तर ते एकटं पुरत नाही, अंडाशयाचं काम थांबवावं लागतं. टॅमॉक्सिफेन दोन्हीकडे चालतं.

टॅमॉक्सिफेनने क्वचित रक्ताची गुठळी होते, गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोगही होऊ शकतो. पाळी गेल्यावर अंगावरून रक्त गेलं तर लगेच डॉक्टरांना गाठा. लेट्रोझोलने हाडं विरळ होतात, सांधे आखडतात. काकूंची बोटं सकाळी भाकरी थापताना वळत नाहीत.

तरी पाळी गेलेली, हाडं धड असतील तर मला लेट्रोझोलच पटतं. “हाडांची तपासणी करा, दुखणं डॉक्टरांना सांगा, पण गोळी मनानं बंद करू नका, काकू,” हे मी दोनदा सांगितलं.