उद्यमबागेत बिडाचं कास्टिंग करून घेताना

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला बिडाचं (कास्ट आयर्नचं) कास्टिंग करून घ्यायला येणारा माणूस बहुधा पहिल्यांदा किलोचा दर विचारतो. सौदा तिथेच बिघडायला लागतो. दोन फाउंड्र्यांच्या दरात थोडाफार फरक असतोच. पण पीसच्या पोटातलं भोक शेवटच्या बोअरिंगला उघडं पडलं, की मशीनिंगच्या मजुरीसकट पीस भंगारात जातो आणि दरात वाचवलेलं सगळं तिथेच संपतं. खानापूर, निपाणी, चिक्कोडी, हुक्केरी या भागातले आणि सीमेपलीकडच्या चंदगड-गडहिंग्लजचे जे लहान कारखानदार शेतीची अवजारं, गुऱ्हाळाचे चरक, पिठाच्या गिरण्या, पंप यांचे भाग इथून ओतून नेतात, त्यांच्यासाठी हे परीक्षण आहे. कुठल्या एका फाउंड्रीचं नाव घेणार नाही. लहान जॉबिंग फाउंड्री, म्हणजे गिऱ्हाइकाच्या ऑर्डरीप्रमाणे ओतून देणारी, आणि तिच्या शेजारचं मशीन शॉप मिळून जी सेवा देतात, तिच्याबद्दल बोलू.

आधी मत सांगून टाकतो. वीस ते दोनशे नगांच्या लॉटसाठी बेळगावसारखी सोय जवळपास नाही. पॅटर्नवाला (वाळूत साचा उठवायचा नमुना करणारा), ओतणारा, टर्नर आणि रंगवणारा एकाच वसाहतीत सापडतात. ड्रॉइंग मराठीत समजावा नाहीतर कन्नडमध्ये, माणूस अडत नाही. कोल्हापूरजवळच्या शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या फाउंड्र्या मोठ्या आहेत, हजारांच्या ऑर्डरींना त्या बऱ्या. तीस नगांसाठी तिथे रांगेत थांबावं लागतं. बेळगावची कमकुवत बाजू दुसरीच आहे. तारीख पाळली जात नाही आणि मागितल्याशिवाय काही लेखी मिळत नाही. या दोन्हींची कारणं कळली तर दोन्ही बऱ्याच अंशी टाळता येतात.

उदाहरणाला चरकाच्या लाटेचं (ऊस पिळणाऱ्या रुळाचं) बेअरिंग हाऊसिंग घेऊ, वजन १८ किलो, लांबी ३०० मिलिमीटर.

सुरुवात पॅटर्नपासून. बीड थंड होताना साधारण १ टक्का आकसतं, म्हणून ३०० मिलिमीटरसाठी पॅटर्न ३०३ चा लागतो. ज्या बाजूंवर मशीनिंग आहे तिथे आणखी ३ मिलिमीटर सोडायचे आणि वाळूतून पॅटर्न सुटावा म्हणून उभ्या भिंतींना १ ते दीड अंशाचा उतार द्यायचा. ड्रॉइंगवर "तयार माप" आणि "ओतीव माप" वेगवेगळं लिहिलं नसेल तर पॅटर्नवाला आपल्या अंदाजाने चालतो. अनुभवी माणूस असेल तर अंदाज बरोबर येतो, पण मशीनिंगच्या बाजूला खूण केलेली नसेल तर तो तरी काय करणार? पन्नास-शंभर नगांपर्यंत सागाचा पॅटर्न चालतो, त्यापुढे ॲल्युमिनियमची मॅचप्लेट, म्हणजे पॅटर्नचे दोन्ही अर्धे एकाच पाटीवर, करावी. बेळगावच्या पावसाळ्यात लाकूड फुगतं. जून ते सप्टेंबर माळ्यावर पडलेल्या पॅटर्नचे जोड उघडतात, दोन अर्धे एकमेकांवर नीट बसत नाहीत आणि कास्टिंगच्या मध्यावर पायरी दिसायला लागते. दिवाळीनंतरच्या पहिल्या लॉटआधी पॅटर्न तपासून नव्याने रंगवून घ्या. पॅटर्नचे पैसे तुम्ही दिलेत, तर तो तुमचा आहे हे ऑर्डरवर लिहा आणि पॅटर्नवर नाव-नंबर रंगवा. फाउंड्री बदलताना सगळ्यात जास्त वाद याच एका गोष्टीवरून होतात.

मग ग्रेड. भारतीय मानक २१० मध्ये एफजी १५०, २००, २२०, २६० असे वर्ग आहेत. आकडा म्हणजे ३० मिलिमीटरच्या चाचणी दांड्याची किमान ताणशक्ती, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. सगळ्यांना एफजी २६० हवं असतं, कारण ते ऐकायला भारी वाटतं. बेअरिंग हाऊसिंगला एफजी २०० पुरतं. २६० साठी कार्बन आणि सिलिकॉन खाली आणावे लागतात. मग पातळ कडा लवकर थंड होऊन पांढऱ्या, म्हणजे फार कडक, पडतात आणि टर्नरच्या टूलचे तुकडे होतात. गरज नसताना वरचा ग्रेड मागणं म्हणजे पैसे देऊन त्रास घेणं.

तारखा का चुकतात, त्याचं मूळही ग्रेडमध्येच आहे. लहान फाउंड्रीत बहुधा एकच इंडक्शन भट्टी असते, अर्धा टन किंवा त्याच्या आसपासची. हेस्कॉम या वीज कंपनीचं डिमांड शुल्क (विजेच्या मागणीवरचा ठरलेला आकार) भट्टी बंद असली तरी भरावंच लागतं, त्यामुळे भट्टी अर्धवट चालवणं मालकाला परवडत नाही. १८ किलोच्या पीसला रनर-रायझर (रस साच्यात नेणारी वाट आणि आकस भरून काढणारा जादा साठा) धरून साधारण ३० किलो रस लागतो. तुमचे दहा नग म्हणजे ३०० किलो. उरलेल्या रसाला त्याच ग्रेडचं दुसरं काम मिळेपर्यंत तुमचे साचे थांबतात. म्हणून "माल कधी मिळेल?" असं विचारण्यापेक्षा "एफजी २०० ची भट्टी कुठल्या वारी लागते?" असं विचारा. त्या वाराच्या दोन दिवस आधी पॅटर्न पोचवा आणि भट्टी भरेल अशा आकड्यात ऑर्डर द्या. एवढ्या एका बदलाने वाट पाहणं बरंच कमी होतं.

वाळूकडे ग्राहक कधीच बघत नाही, आणि बरेचसे दोष तिथूनच येतात. चांगल्या हिरव्या वाळूत (साच्याच्या ओलसर वाळूला हेच म्हणतात) बेंटोनाइट माती ६ ते ८ टक्के, कोळशाची भुकटी ३ ते ५ टक्के आणि ओलावा ३ ते ४ टक्के असतो. ओलावा चारच्या वर गेला की साच्यात वाफ कोंडते आणि पीसच्या वरच्या अंगाला भोकं राहतात. पावसाळ्यात नवी वाळू उघड्यावर पडलेली असेल तर मिक्सरमध्ये पाणी बेताने घालूनही ओलावा वाढतो. रोज सकाळी ओलावा मोजून फळ्यावर लिहिणारी फाउंड्री असेल, तर तिचा दर थोडा जास्त असला तरी तिथेच काम द्या. कार्बन डायऑक्साइडने कडक केलेला कोअर, म्हणजे पोकळीसाठी साच्यात बसवायचा वाळूचा गाभा, पावसात दोन-तीन दिवस पडून राहिला तर ओल धरतो. कोअर ओतण्याच्या आदल्या दिवशीचाच असावा.

ओतताना रस साधारण १३५० ते १४०० अंश सेल्सियसला साच्यात जायला हवा. १०० किलोच्या लॅडलमधून (रस ओतायच्या भांड्यातून) आपल्या हाऊसिंगचे तीन साचे भरतात. तिसऱ्यापर्यंत रस निवलेला असतो आणि पातळ भिंतीत रसाचे दोन प्रवाह भेटूनही जुळत नाहीत, तिथे रेघ राहते. पातळ काम आधी आणि जाड काम शेवटी ओता, एवढं सांगितलं तरी पुरे. लॅडलमध्ये ०.२ ते ०.३ टक्के फेरोसिलिकॉन टाकणं हा कंटाळवाणा भाग. तो गाळला की पांढरं बीड आलंच समजा. ओतण्याआधी पाचरीच्या आकाराचा छोटा तुकडा ओतून, तोडून त्याची पांढरी धार मोजतात. हा तुकडा बघायला मागा. त्याला फार तर पाच मिनिटं लागतात आणि कुठल्याही चांगल्या कारागिराला त्याचा राग येत नाही.

माल हातात आल्यावर काय बघायचं? आधी अट घाला की रंग न लावता, पुट्टी न भरता माल द्यायचा. रंगाखाली पुट्टी असेल तर कळायला मार्ग नाही. हातोडीने हलकं ठोका. खणखणीत वाजलं तर ठीक, बद्द वाजलं तर तडा शोधा. भोक दिसलं तर आतून बघा. गुळगुळीत, चकचकीत असेल तर तो वायू, म्हणजे ओलावा किंवा कोअर. खडबडीत असेल आणि जाड जोडाजवळ असेल तर तो आकस. मग चूक रायझरची, नाहीतर तुमच्याच डिझाइनची. ८ मिलिमीटरच्या भिंतीला एकदम ४० मिलिमीटरचा गठ्ठा चिकटवला असेल तर कुठलीही फाउंड्री तो पोकळीशिवाय देऊ शकणार नाही. भोकात वाळू दिसली तर साचा ढासळलेला असतो. बोअरच्या एका बाजूला भिंत १२ आणि दुसऱ्या बाजूला ६ भरली तर कोअर सरकला आहे, त्याचा कोअर प्रिंट, म्हणजे साच्यात कोअर टेकायची खाच, मोठा करून घ्या.

वजनही करा. साचा सैल ठोकला की रसाच्या दाबाने फुगतो आणि १८ किलोचा पीस १८.७ किलोचा येतो. दोनशे नगांत हे १४० किलो जादा बीड झालं, ज्याचे पैसे तुम्ही देता आणि पुन्हा लेथवर खरडून टाकता. ऑर्डरमध्ये "मान्य वजन १८ किलो, ३ टक्क्यांवरच्या जादा वजनाचे पैसे नाहीत" असं लिहिणारे ग्राहक थोडे आहेत, पण असं लिहिलं की मोल्डिंगवाला आपसूक घट्ट ठोकतो.

मशीन शॉपच्या बाबतीत बेळगावला मी पूर्ण गुण देईन. व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग यंत्रं) आणि जुने लेथ शेजारी शेजारी चालतात, आणि पीस कुठे धरायचा हे ठरवण्यात इथल्या टर्नरचा हात धरणारे फार थोडे. फक्त पहिल्यांदा पीस धरायच्या तीन जागा ड्रॉइंगवर दाखवा आणि त्या साच्याच्या जोडरेषेवर येऊ देऊ नका. खरा वाद पुढे होतो. मशीनिंग झाल्यावर भोक निघालं तर फाउंड्री कास्टिंग बदलून देते, मशीनिंगची मजुरी मात्र बुडते ती तुमची. ही मजुरी कोण सोसणार ते पहिल्या ऑर्डरलाच लिहून घ्या. अर्धी-अर्धी वाटून घेण्याला सहसा कुणी नाही म्हणत नाही.

एसजी आयर्नचे, म्हणजे चिवट बिडाचे, दातेचाक वगैरे भाग मात्र स्पेक्ट्रोमीटर (धातूतले घटक मोजणारं यंत्र) नसलेल्या ठिकाणी देऊ नका. त्यात मॅग्नेशियम ०.०३५ ते ०.०५ टक्के उरावं लागतं आणि प्रक्रियेनंतर दहा मिनिटांत त्याचा असर ओसरायला लागतो. नजरेच्या अंदाजाने हे काम होत नाही. उशिरा ओतलेलं चाक चरकाला बसल्यावर हंगामाच्या मध्यात दात मोडतो आणि उसाची गाडी दारात उभी राहते.

आता उधारीकडे येऊ, कारण या सेवेचा दर्जा शेवटी तिच्यावर अवलंबून आहे. भंगारवाला रोख मागतो, विजेचं बिल महिन्याला येतं, मजुरी आठवड्याला द्यावी लागते, आणि मोठा ग्राहक तीन-तीन, चार-चार महिने पैसे देत नाही. मग फेरोसिलिकॉनची पिशवी पुढच्या आठवड्यावर जाते, वाळू बदलायची राहते, आणि भोक पडतं ते तुमच्या पीसला. २००६ च्या एमएसएमईडी कायद्याप्रमाणे नोंदणीकृत सूक्ष्म आणि लघु उद्योगाला लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात, करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट, महिन्याला चक्रवाढ व्याज लागतं. आयकर कायद्याप्रमाणे वेळेत न दिलेली रक्कम ज्या वर्षी प्रत्यक्ष दिली त्याच वर्षीच्या खर्चात धरता येते. कायदा फाउंड्रीच्या बाजूने आहे, पण मोठ्या ग्राहकावर तक्रार करून पुढची ऑर्डर घालवायला लहान मालक धजत नाही. तुम्ही लहान ग्राहक असाल तर ३० टक्के आगाऊ आणि बाकी माल उचलताना द्या. रोख देणाऱ्याचे साचे आधी भरले जातात. भाव पाडून घेण्यापेक्षा हा मार्ग जास्त उपयोगाचा आहे.

माणसांचाही विचार करा. जुलैत खानापूर आणि पश्चिमेकडच्या गावांत भाताची रोपलावण सुरू झाली की मोल्डिंगला हात कमी पडतात, गणपतीत पुन्हा तेच. या काळातली गरज मेमध्येच ओतून ठेवा. फाउंड्री निवडताना फेटलिंगच्या, म्हणजे कास्टिंग घासून साफ करायच्या, शेडमध्ये जरूर डोकवा. ग्राइंडरखाली उडणारी सिलिकाची धूळ फुप्फुसं कायमची निकामी करते, आणि तोंडाला नुसता रुमाल बांधून ती अडत नाही. धूळ ओढून घेणारी यंत्रणा आणि नीट मास्क जिथे आहेत तिथे दर किलोमागे थोडा चढा असेल. तो द्यावा.

महाराष्ट्रातून येणाऱ्यांसाठी कागदाचं एक काम वाढतं. चंदगडला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ पडतं, पण मध्ये राज्याची हद्द आहे. स्वतःचा माल जॉबवर्कला, म्हणजे मजुरीवर काम करून घ्यायला, परराज्यात पाठवताना किंमत कितीही कमी असो, ई-वे बिल (मालवाहतुकीचा ऑनलाइन कागद) लागतं. ५० हजारांची सूट इथे चालत नाही. सोबत डिलिव्हरी चलन ठेवा, त्यावर जॉबवर्कसाठी असं स्पष्ट लिहा. कच्चा माल एका वर्षात परत यायला हवा. साचे, जिग आणि फिक्स्चरला ही मुदत लागू नाही. फाउंड्रीच्याच बिडातून ओतून घेत असाल तर ते जॉबवर्क नाही, सरळ खरेदी आहे. मग बिलावर आयजीएसटी (आंतरराज्य जीएसटी) लागतो, आणि तुमचा जीएसटी नंबर महाराष्ट्राच्या २७ ने सुरू होतो की कर्नाटकाच्या २९ ने, हे बिल करायच्या आधीच सांगून ठेवा.